चौकटीतली घंटा : तक्ता, टायपिस्ट आणि मॅक्रो

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी मला विचारलं, की वर्ड प्रोसेसरमधले तक्ते आणि मॅक्रो हा काय इतिहासाचा विषय आहे? हा तर कॉम्प्युटर क्लासचा विषय. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण सुरुवात एका आकड्याने करतो, म्हणजे मी हा विषय का घेतला ते लक्षात येईल.

मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये एक तक्ता घाला. दोन रकाने, दोन ओळी, पुरे. काहीही लिहू नका. आता दोन ओळींचा मॅक्रो लिहून वर्डला विचारा, पहिल्या चौकटीतल्या मजकुराची लांबी किती? चौकट रिकामी आहे, तेव्हा उत्तर शून्य यायला हवं. उत्तर येतं २. तक्त्यावर मॅक्रो चालवणारा प्रत्येक माणूस पहिल्या आठवड्यात इथे अडखळतो. 'पुणे' आणि 'पुणे' या दोन शब्दांची तुलना करतो आणि मशीन सांगतं, हे वेगळे आहेत. कारण त्यातला एक 'पुणे' चौकटीतून उचललेला असतो आणि त्याच्या शेपटीला दोन न दिसणारी चिन्हं लटकत असतात. एकाचा क्रमांक १३, दुसऱ्याचा ७.

हे क्रमांक आस्की नावाच्या संकेतावलीतले. तिचं पहिलं प्रमाणीकरण अमेरिकेत १९६३ साली झालं. त्यात १३ म्हणजे कॅरेज रिटर्न, टाइपरायटरची गाडी ओळीच्या सुरुवातीला परत नेणं. आणि ७ म्हणजे घंटा. खरीखुरी घंटा. टेलिप्रिंटरवर दूरच्या ऑपरेटरला जागं करायला, 'महत्त्वाचा निरोप येतोय' हे सांगायला ७ पाठवायचे आणि तिकडे टण्ण व्हायचं. वर्डच्या प्रत्येक तक्त्यातल्या प्रत्येक चौकटीच्या शेवटी ही घंटा बसलेली आहे. वाजत नाही, एवढंच. तिची निवड का झाली असावी याचा माझा अंदाज साधा आहे: चौकट संपली हे सांगायला असं चिन्ह हवं होतं जे कुणी मजकुरात टाइप करणार नाही, आणि घंटा कोण टाइप करणार?

तर आजचं बोलणं या दोन चिन्हांभोवती आहे. डोळ्याला तक्ता दिसतो तो रेघांचा. मशीनकडे तो असतो मजकुराची एक लांब माळ, मध्येमध्ये खुणा घातलेली. या दोन समजुतींमधलं अंतर सगळ्यात आधी कुणाला जाणवलं असेल, तर ते टायपिस्टला.

तुमच्यापैकी कुणी टायपिंगची सरकारी परीक्षा दिली आहे का? हात वर करा. बरेच आहेत. मग 'स्टेटमेंट' आठवत असेल. स्पीडचा उतारा, पत्र आणि स्टेटमेंट. स्टेटमेंट म्हणजे तक्ता, आणि बहुतेकांना भीती स्पीडची नसायची, स्टेटमेंटची असायची. त्यात आधी टाइप करायचंच नसतं. आधी गणित.

समजा, दर इंचाला दहा अक्षरं बसणारं मशीन आहे आणि कागद साडेआठ इंच रुंद आहे. म्हणजे आडव्या ८५ जागा. तक्त्याला चार रकाने. प्रत्येक रकान्यातली सगळ्यात लांब नोंद मोजायची: अनुक्रमांकाला ४, नावाला २२, तारखेला १०, रकमेला ९. बेरीज ४५. उरल्या ४० जागा. त्या वाटायच्या दोन समास आणि मधली तीन अंतरं, अशा पाच ठिकाणी. प्रत्येकी ८. म्हणजे पहिला रकाना ८ जागा सोडून, दुसरा २० जागा सोडून, तिसरा ५०, चौथा ६८. या जागांवर टॅबचे थांबे लावायचे आणि मग बसायचं. टॅब दाबला की गाडी पुढच्या थांब्यावर जाऊन उभी. मराठी मशीनवर आणखी एक भानगड: उकार आणि वरच्या मात्रा मारताना गाडी सरकत नाही, काना मारताना सरकते. म्हणजे 'सगळ्यात लांब नोंद' कोणती हे अक्षरं मोजून नाही, गाडीची पावलं मोजून ठरवायचं. हे सगळं पंचविशीच्या आतली मुलंमुली पेन्सिलीने कोपऱ्यात करत असत, आणि परीक्षकाला फक्त सरळ रकाने दिसत.

'टॅब' हा शब्द टॅब्युलेटरचा, म्हणजे तक्ते करणाऱ्या जोडणीचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती टाइपरायटरला जोडली जाऊ लागली. आज आपण टॅब दाबतो ते परिच्छेद आत सरकवायला, पण ती कळ जन्मली तक्त्यासाठी. माझ्या मते ते चार थांबे म्हणजे मशीनने तक्त्याबद्दल लक्षात ठेवलेली पहिली गोष्ट. मशीनला रकमेशी किंवा नावाशी देणंघेणं नाही. कुठे थांबायचं, तेवढं त्याला माहीत.

आता मॅक्रो. हा शब्द आपल्याकडे ऑफिसातून आला, म्हणून तो ऑफिसातलाच वाटतो. मूळ ग्रीक, अर्थ 'मोठा'. १९५०च्या दशकात असेंब्ली भाषेत प्रोग्राम लिहिणाऱ्यांना त्याच त्या आज्ञा पुन्हापुन्हा लिहायचा कंटाळा येई. मग दहा आज्ञांच्या गठ्ठ्याला एक नाव द्यायचं, आणि ते नाव लिहिलं की मशीनने गठ्ठा उलगडायचा. एक मोठी आज्ञा, म्हणून मॅक्रो. बेल लॅब्जच्या डग्लस मॅकिलरॉय यांचा यावरचा १९६०चा लेख या क्षेत्रात अजून सांगितला जातो.

तिथून तो मजकुराकडे आला एमआयटीमध्ये. डॅन मर्फी यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला टेको नावाचा संपादक लिहिला, कागदी पट्टीवरचा मजकूर दुरुस्त करण्यासाठी. टेकोच्या आज्ञा म्हणजे एकेक अक्षर, आणि त्या सलग लिहिल्या की आपोआप प्रोग्रामच होई. पुढे तिथल्या प्रयोगशाळेत ज्याने त्याने आपापले मॅक्रो रचले. इतके, की एकाला दुसऱ्याच्या टर्मिनलवर बसून काम करता येईना. १९७६ साली रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील यांनी ते सगळे एकत्र करून नीट लावले, त्याचं नाव ईमॅक्स. 'एडिटिंग मॅक्रोज' याचंच ते लघुरूप. म्हणजे हा अख्खा संपादक मॅक्रोंची मोळी आहे.

पण हे सगळं प्रोग्रामर लोकांचं घरगुती काम. टायपिस्टच्या हातात मॅक्रो आला तो पीसीवर, आणि वर्डपरफेक्टमुळे. युटामधल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठातले प्राध्यापक अॅलन अॅश्टन आणि त्यांचे विद्यार्थी ब्रूस बॅस्टियन यांची ही निर्मिती. त्यात कंट्रोल-एफ१० दाबलं की मशीन तुमच्या बोटांकडे बघू लागे. तुम्ही जे दाबाल ते लिहून घेई. काम झालं की पुन्हा कंट्रोल-एफ१०. नंतर अल्ट-एफ१० दाबून नाव सांगितलं की तीच बोटं पुन्हा चालायची, तुमच्याशिवाय. भाषा शिकायची गरज नाही. जिला काम येतं तिला मॅक्रो येतो. मला हा क्षण फार मोठा वाटतो. प्रोग्राम लिहिणं म्हणजे करून दाखवणं, इतकं ते सोपं झालं होतं.

१९८९च्या नोव्हेंबरात दोन गोष्टी जवळजवळ एकदम झाल्या. वर्डपरफेक्ट ५.१ आलं आणि त्यात पहिल्यांदा खरे तक्ते आले. आणि मायक्रोसॉफ्टचं विंडोजवरचं पहिलं वर्ड आलं, त्यात तक्तेही होते आणि वर्डबेसिक नावाची मॅक्रोची भाषाही. तोवर वर्ड प्रोसेसरमधला तक्ता म्हणजे टाइपरायटरचाच तक्ता: टॅब मारा, किंवा स्पेस मारा, आणि देवाचं नाव घ्या. एका नावात दोन अक्षरं वाढली की पुढची सगळी ओळ सरकायची. आता चौकट ही स्वतंत्र वस्तू झाली. मजकूर वाढला तर चौकट खाली वाढते, शेजारचा रकाना जागचा हलत नाही. ते कोपऱ्यातलं पेन्सिलीचं गणित त्या दिवशी संपलं.

वर्डबेसिक मात्र अजून टायपिस्टच्या पद्धतीनेच विचार करी. त्यातल्या आज्ञा बघा: पुढच्या चौकटीत जा, मागच्या चौकटीत जा, ही ओळ निवड. म्हणजे पडद्यावर एक अदृश्य टायपिस्ट बसवलेली आहे, ती कर्सर घेऊन चौकटीचौकटीतून फिरते. मॅक्रो चालताना तक्ता फडफडताना दिसायचा. हळू होतं, पण समजायचं. कुठे बिघडलं ते डोळ्यासमोर बिघडायचं.

एक गंमत मध्येच सांगतो. त्या काळी फ्रेंच वर्डमध्ये वर्डबेसिकच्या आज्ञा फ्रेंच होत्या, जर्मनमध्ये जर्मन. पॅरिसमधली टायपिस्ट मॅक्रो वाचायची तो तिच्या भाषेत. मराठी वर्ड तेव्हा नव्हतंच, त्यामुळे हे भाग्य आपल्या वाट्याला आलं नाही. आणि १९९७च्या वर्डमध्ये वर्डबेसिक जाऊन व्हिज्युअल बेसिक, म्हणजे व्हीबीए आलं, तेव्हा ते सगळ्यांसाठीच इंग्रजी झालं.

व्हीबीएने तक्त्याकडे बघण्याची पद्धतच बदलली. आता कर्सर फिरवायचा नाही. आता पत्ता सांगायचा: या दस्तऐवजातला पहिला तक्ता, त्यातली दुसऱ्या ओळीची तिसरी चौकट, तिच्यातला मजकूर. पडदा स्थिर राहतो, काम आत होतं. प्रोग्रामरच्या दृष्टीने हे फार सुंदर. पण त्याला गृहीत काय आहे? की तक्ता म्हणजे सरळ जाळी. दहा ओळी गुणिले पाच रकाने, पन्नास चौकटी. आणि आपल्या ऑफिसातला कोणता तक्ता असा असतो? आपला तक्ता माणसाच्या डोळ्यासाठी केलेला असतो. गावाचं नाव एकदा लिहून खालच्या आठ चौकटी एकत्र केलेल्या असतात. शेरा लांब झाला म्हणून शेवटचे दोन रकाने जोडलेले असतात. डोळ्याला ते स्वच्छ दिसतं. मॅक्रोने 'ओळ क्रमांक तीन दे' म्हटलं की वर्ड सांगतं, उभ्या चौकटी जोडलेल्या असल्यामुळे स्वतंत्र ओळ देता येत नाही. चूक क्रमांक ५९९१. आणि 'तिसऱ्या ओळीची पहिली चौकट दे' म्हटलं तर चूक ५९४१: अशी वस्तूच नाही.

इथे माझीच एक गोष्ट सांगायला हवी. बरीच वर्षं झाली. एका पतसंस्थेचं काम माझ्याकडे आलं. नाव सांगत नाही, कारण चूक त्यांची नव्हती, माझी होती. सभासदांची यादी वर्डमध्ये, तक्त्यात: गाव, अनुक्रमांक, नाव, भाग, ठेव. त्यातून प्रत्येक सभासदाला एकेक पत्र काढायचं होतं. मी मॅक्रो लिहिला. पहिल्या रकान्यात गावांच्या चौकटी उभ्या जोडलेल्या होत्या, त्यामुळे तो थांबू लागला. मग मी तेच केलं जे घाईतला प्रत्येक माणूस करतो. वरती एक ओळ घातली: चूक आली तर दुर्लक्ष करून पुढे जा.

आणि मॅक्रो सुरळीत चालला! एवढंच नाही, गावाचं नावही प्रत्येक पत्रावर बरोबर आलं. का आलं? चौकट सापडली नाही की 'गाव' या नावाच्या डबीत आधीच्या ओळीचंच गाव शिल्लक राहायचं, आणि ते योगायोगाने बरोबरच असायचं. मी खूश. पण यादीत काही ठिकाणी भाग आणि ठेव हे रकाने जोडून तिथे काहीतरी शेरा लिहिलेला होता. त्या ओळीला पाचवी चौकटच नव्हती. मग 'ठेव' या डबीत काय राहिलं? आधीच्या सभासदाची ठेव.

पत्रं गेली. चार दिवसांनी एक बाई पत्र घेऊन संस्थेत आल्या. त्या दिवशी मी तिथेच होतो. भांडायला आल्या नव्हत्या. म्हणाल्या, "दादा, हे जरा बघता का? ही रक्कम आमच्या शेजारणीची आहे. माझी ठेव मी गेल्या साली लग्नाला काढली." शेजारणीची रक्कम त्यांना माहीत होती, कारण दोघींनी पत्रं शेजारीशेजारी ठेवून वाचली होती. मला त्या क्षणी जे वाटलं ते सांगत बसत नाही. ती एक ओळ मी त्यानंतर कुठल्याही मॅक्रोत सरसकट घातली नाही. आम्ही सगळी पत्रं मूळ यादीशी हाताने ताडून पाहिली. अशा आणखी काही निघाल्या. त्या बाई आल्या नसत्या तर कळलंही नसतं.

टायपिस्टने हे काम केलं असतं तर शेऱ्याची जोडलेली चौकट दिसताच तिचा हात थांबला असता. वर्डबेसिकची ती फडफडणारी कर्सरवाली पद्धत असती तरी कुणी पडद्याकडे बघत असता तर त्याला दिसलं असतं. पत्त्याच्या पद्धतीत कुणालाच काही दिसत नाही.

आता जाणकार विचारतील, मग यावर उपाय काय? उपाय आहेत. पत्त्याने चौकट मागण्याऐवजी तक्त्याला म्हणायचं, तुझ्याकडे ज्या खऱ्या चौकटी आहेत त्या एकेक करून दे, आणि प्रत्येक चौकटीला विचारायचं, तू कितव्या ओळीची, कितव्या रकान्याची? म्हणजे नसलेली चौकट मागितलीच जात नाही. मजकूर घेतला की शेवटची दोन चिन्हं, ती १३ आणि ७, कापायची. नाहीतर तोच मजकूर परत चौकटीत ठेवताना एक रिकामी ओळ वाढते. आणि ओळी खोडायच्या असतील तर खालून वर जायचं. वरून खाली जाताना तिसरी ओळ खोडली की चौथी तिसरी होते, आणि मॅक्रो निघून जातो चौथीकडे. लागोपाठच्या दोन रिकाम्या ओळींपैकी एक राहून जाते. हे ज्ञान पुस्तकात नंतर आलं. आधी ते ठेच लागूनच मिळे.

जर्मनीतल्या ल्युनेबर्ग गावात मार्को ब्योरीज नावाच्या मुलाने १९८५ साली स्टार डिव्हिजन ही कंपनी काढली होती. तिचं स्टारऑफिस १९९९ साली सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतलं, २००० साली त्याचा सोर्स कोड खुला केला, त्याचं ओपनऑफिस झालं आणि २०१०पासून लिबरऑफिस. त्यातल्या रायटरने तक्त्याचा हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला. तिथे प्रत्येक चौकटीला स्प्रेडशीटसारखं नाव असतं: ए१, बी२. आणि चौकट फोडली की नावही फुटतं: ए१.१.१, ए१.१.२ असं. म्हणजे घराची वाटणी झाल्यावर सातबाऱ्यावर गट नंबरला पोटहिस्से पडावेत तसं. वाचायला किचकट, पण प्रामाणिक. तक्ता सरळ जाळी नाही हे नावच सांगतं, आणि तक्त्याकडे त्याच्या सगळ्या चौकटींची नावं मागता येतात. रायटरमध्ये झेड संपल्यावर रकान्यांना छोटी लिपी सुरू होते, मोठा ए आणि छोटा ए हे वेगळे रकाने. स्प्रेडशीटच्या सवयीने येणारा तिथे हमखास पडतो.

आता या गोष्टीतला दुसरा धागा, तो थोडक्यात सांगतो कारण तो पुष्कळांना माहीत आहे. टायपिस्टच्या हातात प्रोग्राम दिला, आणि तो प्रोग्राम दस्तऐवजाच्या पोटातून प्रवास करू लागला. १९९५ साली कॉन्सेप्ट नावाचा विषाणू आला. तो वर्डबेसिकमध्ये लिहिलेला होता. फाइल उघडली की आपोआप चालणारा मॅक्रो असण्याची जी सोय होती, तीच त्याने वापरली. त्याने नासधूस काही केली नाही. त्याच्या 'पेलोड' नावाच्या मॅक्रोत फक्त एक वाक्य होतं, साधारण अर्थ असा की एवढं सिद्ध करायला पुरे. मार्च १९९९मध्ये मेलिसा आला. तो उघडणाऱ्याच्या अॅड्रेस बुकातल्या पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःला पाठवायचा, आणि अनेक कंपन्यांचे मेल सर्व्हर बंद ठेवावे लागले.

कॉन्सेप्टनंतर दार एकेक बोट बंद होत गेलं. वर्ड ९७मध्ये इशारा. ऑफिस २००७मध्ये फाइलींचे दोन प्रकार, एक साधी, जिच्यात मॅक्रो राहूच शकत नाही, आणि दुसरी मॅक्रोवाली, जिचं नावच वेगळं. आणि २०२२ साली मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधले मॅक्रो मुळातच अडवायचं ठरवलं. मध्ये काही आठवडे निर्णय मागे घेतला, मग पुन्हा लागू केला. हे करणं भागच होतं, याबद्दल मला शंका नाही. लोकांचे पैसे बुडत होते. पण त्या दाराबाहेर कोण राहिलं हेही बघायला हवं. ज्या हेडक्लार्क बाईंनी पंधरा वर्षांपूर्वी हजेरीपटाचा मॅक्रो रेकॉर्ड करून ठेवला होता, त्यांच्यानंतर आलेल्या माणसाला मेलने आलेली ती फाइल उघडल्यावर लाल पट्टी दिसते. तो पट्टी बंद करतो आणि हजेरीपट हाताने भरतो. बाई निवृत्त झाल्या आहेत. मॅक्रो काय करायचा हे कुणी लिहून ठेवलेलं नाही.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे, आणि तो नीट सांगायला हवा. १९९०च्या दशकात मराठीत संगणकावर जे काम झालं ते जुन्या फॉन्टांत. पुण्यात १९८८ साली सीडॅक सुरू झालं, त्यांच्या जिस्ट तंत्रज्ञानातले फॉन्ट, श्रीलिपी, कृतिदेव. या फॉन्टांत 'क' म्हणून दिसणारं अक्षर मशीनच्या लेखी एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असतं. फॉन्ट काढला की सगळं अगम्य. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून आहे, विंडोज २०००बरोबर ती सामान्य माणसाच्या मशीनवर आली. तोवर किती याद्या, किती नमुने, किती ताळेबंद जुन्या फॉन्टांत तक्त्यांमध्ये भरले गेले असतील, विचार करा. ते उघडायचे तर रूपांतर हवं. आणि ते रूपांतर अनेकांनी वर्डच्या मॅक्रोंनीच केलं.

काम काय असतं ते सांगतो. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व इकार आधी टाइप होतो, व्यंजन नंतर, कारण कागदावर तो डावीकडे दिसतो. युनिकोडमध्ये तो व्यंजनानंतर. म्हणजे इकार उचलून पुढे न्यायचा. पण 'स्थिती'सारख्या शब्दात तो नुसत्या 'स्'च्या पलीकडे नेऊन चालत नाही, 'स्थ' हे अख्खं जोडाक्षर ओलांडावं लागतं. 'धर्म'मधला रफार उलट, तो शेवटी असतो, त्याला 'म'च्या आधी आणायचं. तक्त्यात हे दुप्पट कठीण, कारण एका रकान्यात जुना फॉन्ट, शेजारी इंग्रजी खाते क्रमांक. फॉन्ट न बघता मॅक्रो चालवला की खाते क्रमांकातल्या इंग्रजी अक्षरांचं भलतंच मराठी होतं. आणि एका चौकटीतही दोन फॉन्ट असू शकतात. म्हणून चौकट घ्या, तिच्यातले फॉन्टचे तुकडे वेगळे करा, शेपटीची १३ आणि ७ बाजूला ठेवा, आणि मग हात लावा.

त्यात कळस म्हणजे व्हीबीए लिहायच्या खिडकीत देवनागरी लिहिताच येत नाही. ती खिडकी युनिकोडच्या आधीची. तिथे 'क' टाकला तर प्रश्नचिन्ह दिसतं. म्हणून 'क' लिहायचा तर २३२५ लिहायचं. 'र' म्हणजे २३५२. पाय मोडायची खूण २३८१. ऱ्हस्व इकार २३६७. लिबरऑफिसच्या बेसिकमध्ये देवनागरी थेट लिहिता येते, पण फाइली सगळ्या वर्डच्या, त्यामुळे काम इथेच.

आजच्या नव्या पद्धतीच्या वर्ड फाइलीत, म्हणजे २००६ साली प्रमाणित झालेल्या त्या एक्सएमएल रचनेत, घंटा उरलेली नाही. तिथे तक्ता, ओळ, चौकट यांना स्वच्छ नावं आहेत. पण वर्ड उघडून मॅक्रोने रिकाम्या चौकटीची लांबी विचारा. अजूनही २.

माझ्याकडे एक वही आहे. एका निवृत्त गृहस्थांनी दिली, त्यांनी त्यांच्या कचेरीचे सगळे जुने तक्ते एकट्याने युनिकोडमध्ये आणले. वहीत पानोपान दोन रकाने आखलेले आहेत, पट्टी लावून. डावीकडे जुन्या फॉन्टातली चिन्हं, उजवीकडे आकडे. काही आकडे खोडून वर दुसरे लिहिले आहेत. एका पानावर 'ज्ञ' तीनदा खोडलाय. पानं फाटायला लागली आहेत म्हणून मी त्यांचे फोटो काढले. व्याख्यानानंतर कुणाला बघायचे असतील तर लॅपटॉपवर आहेत. आता प्रश्न घेऊ या.